रेव्हिटमधली व्ह्यू रेंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"सर, खिडकी गेली." आमच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर येतं. खिडकी कुठेही गेलेली नसते. रेव्हिटमध्ये, म्हणजे आम्ही इमारतीचं मॉडेल करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रीडीत ती जागच्या जागी असते, शेड्यूलमध्ये म्हणजे यादीत मोजली जाते, फक्त प्लॅनमध्ये दिसत नाही. नवीन आलेल्या मुलामुलींना तेच ते सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदा बसून लिहून काढलं. उदाहरणं आपल्याकडच्या साध्या घराची आहेत: ६०० चं जोतं, ९०० ची सिल (खिडकीचा खालचा काठ), २१०० ची लिंटेल (दार-खिडकीच्या वरची आडवी पट्टी), ३००० चा मजला. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये, त्या त्या लेव्हलपासून मोजलेले.

व्ह्यू रेंज म्हणजे नेमकं काय?

पहिल्या वर्षाला सरांनी सांगितलेलं आठवा: घर कमरेच्या जरा वर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि वरून खाली बघायचं. जे दिसेल तो प्लॅन. व्ह्यू रेंज म्हणजे ही सुरी कुठे चालवायची आणि कुठवर खाली बघायचं याचे आकडे.

आकडे चार. टॉप, कट प्लेन, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ. पहिले तीन मिळून मुख्य पट्टा होतो, चौथा त्या पट्ट्याच्या खाली आणखी किती खोल बघायचं ते सांगतो. मेट्रिक आर्किटेक्चरल टेम्प्लेटमध्ये टॉप २३००, कट प्लेन १२००, बॉटम ० आणि व्ह्यू डेप्थही ० असते. क्रम मोडता येत नाही: टॉप कट प्लेनच्या खाली नेलात किंवा व्ह्यू डेप्थ बॉटमच्या वर ठेवलीत, तर रेव्हिट तिथेच अडवतं.

आता खरी गोम. ड्रॉइंग बोर्डवर काम करणारा जुना ड्राफ्ट्समन ही सुरी मनातल्या मनात वर-खाली करायचा. टॉयलेटचा व्हेंटिलेटर आला की सुरी वर, ओटा आला की खाली, छज्जा आला की तुटक रेघ. कोणाला विचारायचा नाही, कुठे लिहायचा नाही. प्लॅन बघणाऱ्यालाही ते खटकायचं नाही. रेव्हिटची सुरी मात्र सरळ चालते. ती वाकवायची असेल तर नेमकं कुठे आणि किती ते तुम्हीच सांगायचं. पुढचे बहुतेक प्रश्न या एका फरकातून आलेले आहेत.

ही सेटिंग सापडते कुठे?

प्लॅन उघडा, काहीही सिलेक्ट नको, प्रॉपर्टीजमध्ये खाली एक्स्टेंट्सच्या गटात व्ह्यू रेंजसमोर एडिट. किंवा कीबोर्डवर व्ही आर. उघडणाऱ्या डायलॉगमध्ये खाली एक शो बटण आहे. ते दाबलं की शेजारी सेक्शनचं छोटं चित्र उघडतं आणि कुठला आकडा कुठली रेषा हे त्यात कळतं. पहिले दोन-तीन महिने ते चित्र उघडं ठेवूनच काम करा, त्यात कमीपणा नाही.

कुठल्या उंचीवरची वस्तू कशी दिसते?

कट प्लेनमध्ये सापडलेली वस्तू कापलेली दिसते, म्हणजे जाड रेषेत. कट प्लेनच्या खाली आणि बॉटमच्या वर असलेली वस्तू प्रोजेक्शनच्या बारीक रेषेत. बॉटमच्याही खाली, पण व्ह्यू डेप्थच्या आत असलेली वस्तू 'बियाँड' नावाच्या लाइन स्टाइलमध्ये येते. मग ती भिंत असो वा वाफा, कॅटेगरी विचारात घेतली जात नाही. आणि कट प्लेनच्या वर पण टॉपच्या आत असलेली वस्तू दिसतच नाही.

इथे दोन अपवाद आहेत आणि गोंधळ बहुतेक त्यांच्यामुळेच होतो. पहिला वरचा: खिडक्या, केसवर्क (बांधीव कपाटं) आणि जेनेरिक मॉडेल (कुठल्याच ठरावीक प्रकारात न बसणाऱ्या वस्तू) या तीन कॅटेगरी कट प्लेन आणि टॉपच्या मधे असल्या तरी वरून पाहिल्यासारख्या दिसतात. दुसरा खालचा: लाद्या म्हणजे फ्लोअर, जिने आणि रॅम्प हे बॉटमच्या खाली साधारण १.२२ मीटरपर्यंत (फुटांत बरोबर ४) प्रोजेक्शन रेषेत दिसत राहतात, तुमची व्ह्यू डेप्थ शून्य असली तरी. हे दोन अपवाद कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आमच्याकडे दोन मॉनिटरना ती चिठ्ठी अजून आहे.

टॉयलेटचा व्हेंटिलेटर प्लॅनमध्ये नीट का येत नाही?

समजा त्याची सिल १५०० ला आहे आणि हेड २१०० ला. सुरी १२०० वरून गेली, म्हणजे व्हेंटिलेटरच्या खालच्या भरीव भिंतीतून. भिंत सलगच कापली जाणार. खिडकी अपवादाच्या यादीत आहे म्हणून ती प्रोजेक्शनमध्ये उमटू शकते, पण भिंतीत गॅप पडत नाही. काही फॅमिलींत (रेव्हिटमधल्या तयार वस्तूंच्या साच्यांत) तर काहीच उमटत नाही, कारण त्यांच्या प्लॅनमधल्या रेषा 'वस्तू कापली गेली तरच दाखव' अशा ठेवलेल्या असतात. आणि व्हेंटिलेटर अख्खाच टॉपच्या वर असेल, तर विषयच संपला.

इलाज: त्या भिंतीपुरता प्लॅन रीजन काढा आणि त्यात कट प्लेन १७०० करा.

मग सगळ्या प्लॅनचाच कट प्लेन वर नेला तर?

हे आम्ही करून पाहिलं आहे, ठरवून नव्हे. एका निवासी इमारतीच्या कामात उंच व्हेंटिलेटर दिसत नव्हते, म्हणून आमच्यातल्या एकाने घाईत व्ह्यू टेम्प्लेटमध्येच कट प्लेन २२०० केला. व्हेंटिलेटर थोडे आणखी उंच होते, ते झकास दिसायला लागले. टेम्प्लेट सगळ्या मजल्यांना लागू होतं. शीट छापली गेली, साइटवर गेली आणि संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला: "साहेब, माणसांनी आत जायचं कुठून?" दारांची उंची २१००. सुरी दारांच्या डोक्यावरून गेली होती आणि प्रत्येक दाराच्या जागी भिंत सलग धावत होती. शीट तपासून सही करणारा मीच होतो, त्यामुळे कोणाला बोलायला तोंड नव्हतं.

कट प्लेन सिलच्या वर आणि लिंटेलच्या खाली हवा. ९०० आणि २१०० यांच्या मधे १२०० बसतं म्हणून तो आकडा चालतो, त्यात पवित्र काही नाही. किचनच्या खिडकीची सिल ओट्यामुळे १०५० वर गेली तरी निभावतं. १२०० वर गेली की सुरी आणि सिल एकाच पातळीला येतात. अशा वेळी कट प्लेन १३५० किंवा १५०० केला तर काही बिघडत नाही. फक्त ते टेम्प्लेटमध्ये करताना बाकी मजल्यांवर एक नजर टाका.

प्लॅन रीजन कसा वापरायचा?

व्ह्यू टॅबमध्ये प्लॅन व्ह्यूजच्या यादीत तो मिळतो. बंद आकार काढायचा आणि त्या आकाराला त्याची स्वतःची व्ह्यू रेंज द्यायची. सुरी वाकवायची म्हणतात ती इथे.

आकार शक्य तितका आवळून काढा. भिंतीच्या जाडीएवढा रुंद, व्हेंटिलेटरपेक्षा थोडा लांब, बस. अख्ख्या टॉयलेटभोवती चौकोन काढलात तर आतल्या बाकीच्या वस्तूंवरूनही १७०० चीच सुरी फिरते. दोन रीजन एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, कडेला कड लागलेली चालते. प्लॅन रीजन त्या एका व्ह्यूपुरताच असतो. बारा मजल्यांना हवा असेल तर कॉपी करून 'निवडलेल्या व्ह्यूंना जुळवून' पेस्ट करा. हाताने बारा वेळा काढत बसू नका. त्याची तुटक चौकट छपाईत येते, ती व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये (व्ह्यूत काय दिसावं ते ठरवायची सेटिंग) अ‍ॅनोटेशनच्या यादीतून बंद करायची.

स्प्लिट लेव्हलच्या घरालाही हेच औषध. उतारावरच्या बंगल्यात दिवाणखाना ९०० नी खाली असतो. एकच सुरी दोन्हीकडे न्याय देऊ शकत नाही.

छज्जा एका प्रोजेक्टमध्ये दिसतो, दुसऱ्यात नाही. असं कसं?

कोणी कुठल्या कॅटेगरीत मॉडेल केला ते बघा. २१०० चा छज्जा फ्लोअर म्हणून काढला असेल तर तो कट प्लेनच्या वर आहे, म्हणून दिसणार नाही. जेनेरिक मॉडेल म्हणून काढला असेल तर अपवादात बसतो आणि ठसठशीत सलग रेषेत दिसतो, जणू जमिनीवर काहीतरी ठेवलंय. दोन्ही चूकच, कारण आपल्याकडे छज्जा तुटक रेषेत दाखवतात.

फ्लोअरच्या बाबतीत मी अंडरले, म्हणजे प्लॅनखाली फिकं दिसणारं दुसरं चित्र, वापरतो. अंडरलेमध्ये त्याच मजल्याची लेव्हल घेऊन, वर बघण्याची दिशा निवडली की डोक्यावरच्या गोष्टी फिक्या रंगात उमटतात. त्यांच्या कडा पिक लाइन्सने डिटेल लाइन म्हणून उचलायच्या, तुटक स्टाइल द्यायची आणि अंडरले बंद करायचा. छज्जा पुढे सरकला तर या रेषा आपोआप सरकत नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं. छज्ज्याची स्वतःची फॅमिली असेल तर तिच्यातच प्लॅनसाठी तुटक रेषा घालून सॉलिड प्लॅनमध्ये बंद ठेवा. हे जास्त टिकाऊ.

पोटमाळा ना फ्लोअर प्लॅनमध्ये दिसतो, ना सीलिंग प्लॅनमध्ये (छताच्या प्लॅनमध्ये). रेव्हिटमध्ये बग आहे का?

बग नाही. पण हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो नीट समजला की व्ह्यू रेंज समजली.

पोटमाळ्याचा स्लॅब समजा २१०० ला सुरू होतो आणि १०० जाड आहे. म्हणजे तो २१०० ते २२०० च्या मधे. फ्लोअर प्लॅनची सुरी १२०० वर आहे आणि नजर खाली. माळा डोक्यावर राहिला. सीलिंग प्लॅनची सुरी नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये २३०० वर असते आणि नजर वर. आता माळा पायाखाली राहिला. एक जण खाली बघतोय, दुसरा वर बघतोय, आणि माळा दोघांच्या मधल्या पट्टीत लटकतोय. माळा कधीच कुठल्याच शीटवर आला नाही आणि क्लायंटने घर ताब्यात घेताना विचारलं, असे किस्से आमच्या धंद्यात नवे नाहीत.

सीलिंग प्लॅनमध्ये माळ्यापुरता प्लॅन रीजन घेऊन कट प्लेन २००० करा, तो दिसेल. फ्लोअर प्लॅनमध्ये छज्ज्यासारखीच तुटक रेघ.

सीलिंग प्लॅनमध्ये दारं का नाहीत?

कारण २३०० वर दाराच्या डोक्यावरची भिंत आहे. वर बघणाऱ्याला तीच दिसणार. बरोबरच आहे.

टॉयलेटचा सन्कन स्लॅब बॉटमच्या खाली असूनही दिसतो, पण त्यातला ट्रॅप दिसत नाही. का?

सन्कन म्हणजे खाली बसवलेला; हा स्लॅब ३०० नी खाली आहे. तो फ्लोअर आहे, त्यामुळे १.२२ मीटरच्या सवलतीत आरामात बसतो. ट्रॅप ही प्लंबिंगची वस्तू, तिला ती सवलत नाही. ती पूर्णपणे शून्याच्या खाली असेल तर व्ह्यू डेप्थ किंवा बॉटम खाली न्यावा लागेल. प्लंबिंगच्या शीटसाठी वेगळा प्लॅन असतोच, त्यात बॉटम आणि व्ह्यू डेप्थ दोन्ही उणे ४५० करून मोकळे व्हा. फक्त व्ह्यू डेप्थ खाली नेलीत तर ट्रॅप 'बियाँड' रेषेत येईल आणि प्लंबर म्हणेल पुसट का आहे.

घराबाहेरच्या पायऱ्या दिसतात, अंगण दिसत नाही. तुळशी वृंदावन कधी दिसतं, कधी नाही.

जोतं ६०० आहे, म्हणजे अंगण उणे ६०० ला. पायऱ्या जिना म्हणून काढल्या असतील तर त्यांना खालची सवलत आहे. अंगणाची जमीन टोपोसॉलिड असेल (२०२४ च्या आवृत्तीपासून जुन्या टोपोसर्फेसच्या जागी हे आलं) तर ती सवलतीच्या यादीत नाही. व्ह्यू डेप्थ उणे ६०० च्याही खाली न्या.

वृंदावनाचं गणित सोपं आहे. ९०० उंच वृंदावन अंगणात ठेवलं तर त्याचं टोक अधिक ३०० ला येतं, म्हणजे मुख्य पट्ट्यात डोकावतं, म्हणून दिसतं. क्लायंटच्या आईंनी ठेंगणं, ५०० चं मागितलं की टोक उणे १०० ला गेलं आणि प्लॅनमधून वृंदावन नाहीसं झालं.

१५०० उंचीचं पार्टिशन कट प्लेनच्या वर जातं, तरी बारीक रेषेत का?

रेव्हिटचा एक जुना, फार कमी लोकांना माहीत असलेला नियम आहे: २ मीटरपेक्षा (फुटांत ६) बुटकी भिंत सुरीत सापडली तरी कापलेली दाखवायची नाही. ही उंची भिंतीच्या माथ्यापासून मुख्य पट्ट्याच्या बॉटमपर्यंत मोजली जाते, भिंतीच्या तळापासून नाही. उपायही यातच आहे. बॉटम (आणि त्याबरोबर व्ह्यू डेप्थही) उणे ६०० केला की १५०० अधिक ६०० म्हणजे २१००, आणि पार्टिशन जाड रेषेत येतं. अर्थात मग खालच्या ६०० मधल्या इतर गोष्टीही उगवतील. मी सहसा असं करत नाही. बुटकी भिंत बारीक दिसलेलीच बरी, ती बुटकी आहे हे बघणाऱ्याला कळतं.

कपाट १२०० च्या वर जातं, ते कापलेलं का दिसत नाही?

फर्निचर कापता येणाऱ्या कॅटेगरींत नाही. त्याचा कुठलाही भाग पट्ट्यात आला की ते अख्खं प्रोजेक्शनमध्ये दिसतं. प्लंबिंग फिक्श्चर आणि झाडांचंही तेच.

जिन्याचा वरचा अर्धा भाग नकोसा तुटक दिसतो. काढायचा कसा?

व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये जिन्यांच्या खाली 'अबव्ह' ने सुरू होणाऱ्या उपकॅटेगरी आहेत, त्या बंद करा. रेलिंगच्याही वेगळ्या बंद कराव्या लागतात. जिना कुठे तुटतो ते कट प्लेन ठरवतो, त्यामुळे तुटण्याची रेघ सरकवायला तो बदलू नका, दारांचा किस्सा वर वाचलाच आहे.

कौलारू छपराच्या प्लॅनमध्ये मधेच भोक पडल्यासारखं दिसतं.

छप्पर उतरतं आहे आणि सुरी त्याच्या मधून गेली आहे. सुरीच्या खालचा भाग, म्हणजे वळचणीकडचा, दिसतो. पाखाडीचा वरचा भाग कापून गेला. कोकणातल्या घरांची छपरं उंच, तिथे हे हमखास होतं. रूफ प्लॅनसाठी कट प्लेन आढ्याच्या वर न्या, टॉप त्याच्याही वर किंवा अनलिमिटेड. साइट प्लॅनचा कट प्लेन टेम्प्लेटमध्ये मुद्दाम खूप उंच ठेवलेला असतो तो याचसाठी. टॉवरचं काम असेल तर तोही पुरतोय ना ते तपासा.

अनलिमिटेड सगळीकडेच का ठेवू नये?

टॉपला ठेवा, फारसं बिघडत नाही. व्ह्यू डेप्थला ठेवलंत तर दहाव्या मजल्याच्या प्लॅनमध्ये डक्टमधून नवव्या, आठव्या मजल्याचं सगळं डोकावेल आणि फाइल उघडायला चहा होईल इतका वेळ लागेल.

एडिट बटण फिकं आहे, दाबलं जात नाही.

व्ह्यू टेम्प्लेट लागलेलं आहे. टेम्प्लेटमध्ये जाऊन बदला, किंवा त्यातल्या व्ह्यू रेंजसमोरची खूण काढून ती प्रत्येक प्लॅनच्या हाती द्या. डिपेंडंट व्ह्यूची (मूळ व्ह्यूवर अवलंबून असलेल्या प्रतीची) रेंज मूळ व्ह्यूबरोबरच बदलते, हेही लक्षात असू द्या.

लिंक केलेल्या स्ट्रक्चरच्या मॉडेलमधले बीम गायब आहेत.

लिंक एरवी तुमच्या प्लॅनची व्ह्यू रेंज पाळते. स्ट्रक्चरवाल्यांचा पहिल्या मजल्याचा बीम पहिल्या मजल्याच्या लेव्हलच्या खाली लटकतो; तुमच्या पहिल्या मजल्याचा बॉटम शून्यावर, मग तो दिसणार कसा? व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये रेव्हिट लिंक्सच्या पानावर त्या लिंकची सेटिंग कस्टम करा आणि व्ह्यू रेंज लिंक केलेल्या व्ह्यूची घ्या. त्यांनी स्वतःचा प्लॅन नीट लावला असेल तर बीम येतील. लेव्हलची नावं सारखी पण उंची फिनिशएवढी वेगळी, हा घोळही आधी तपासून घ्या.

दोष व्ह्यू रेंजचाच आहे हे ओळखायचं कसं?

आधी खालच्या पट्टीतला बल्ब दाबा, म्हणजे लपवलेल्या वस्तू गडद गुलाबी होऊन दिसतील. तिथे वस्तू दिसली तर कोणीतरी ती किंवा तिची कॅटेगरी लपवली आहे, व्ह्यू रेंजला हात लावू नका. बल्बमध्येही नसेल, तर रेंज, फेज, क्रॉप किंवा वर्कसेट. मग थ्रीडी उघडा, व्ह्यूक्यूबवर राइट क्लिक करून 'ओरिएंट टू व्ह्यू'मधून तो प्लॅन निवडा. सेक्शन बॉक्स त्या प्लॅनच्या हद्दीत येऊन बसतो. मॉडेल थोडं फिरवलं की वस्तू बॉक्सच्या आत आहे की बाहेर ते डोळ्यांनी दिसतं. तरीही कळेना, तर वस्तू सिलेक्ट करून तिची उंची आणि कॅटेगरी वाचा आणि चिठ्ठी बघा.

सेक्शनची व्ह्यू रेंज कुठे असते?

नसते. तिथे फार क्लिप ऑफसेट, म्हणजे किती लांबवर बघायचं तो आकडा.

आर्किकॅडमध्ये हेच कसं करतात?

तिथे फ्लोअर प्लॅन कट प्लेन नावाची सेटिंग आहे, पण शिवाय प्रत्येक वस्तूलाही ती कुठल्या मजल्यांवर आणि कशी दिसावी हे वेगळं सांगता येतं. म्हणजे जुन्या ड्राफ्ट्समनसारखं, वस्तूगणिक. आर्किकॅडवरून रेव्हिटला आलेले लोक म्हणूनच पहिले काही दिवस वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्लॅनमध्ये दाखव' शोधत बसतात.

ऑटोकॅडमध्ये असली भानगड नव्हती.

नव्हती. तिथे छज्जाही तुम्हीच काढायचात आणि सेक्शनमध्ये तो १५० नी वर गेला की प्लॅनवाल्याला सांगायचंही तुम्हीच विसरायचात.